सुईणीचं दार

एका गावात एक दार होतं. दारं तशी घरोघरी होती, पण हे दार साऱ्या गावाचं होतं, कारण ते सुईणीच्या खोलीचं होतं. खोली गावानंच तिला बांधून दिलेली. चार दगडी भिंती, वर एक झरोका आणि पुढं हे एकच दार. गावातलं जवळपास प्रत्येक माणूस त्या खोलीतल्या बाईच्या हातात जन्मलं होतं.

सुईण आता म्हातारी झाली होती. हात अजून पक्के होते, कान मात्र पार गेले होते. ती भेटेल त्याला सांगायची, "दार वाजवत बसू नका रे, मला ऐकू येत नाही. सरळ आत या."

पण सरळ आत येता येत नव्हतं. दार अडत होतं.

अडण्याचं कारण अगदी साधं होतं. फळी सागाची आणि जड. वरच्या बिजागरीचे खिळे चौकटीत ढिले झाले होते. वरचा आधार सुटला की दार कडीच्या बाजूनं खाली झुकतं आणि त्याचा कोपरा जमिनीत रुततो. या दाराचा कोपरा आतल्या फरशीत इतका रुतायचा, की बाहेरून नुसतं ढकललं तर वाटावं, आतून अडसर घातलाय. सुईण स्वतः आतून एक काठी खाली घालायची, दार वर उचकटायची आणि बाहेर पडायची.

गावानं यावर काय केलं? दार दुरुस्त केलं नाही. ते उघडायची युक्ती शोधून काढली. कडी धरून दार वर उचलायचं, उजवा गुडघा खाली लावायचा आणि मग खांद्यानं रेटायचं. पोरं खेळता खेळता हे शिकली. बायका डोक्यावर हंडा असतानाही एका हातानं ते उघडू लागल्या. होता होता गावाला त्या युक्तीचा अभिमान वाटायला लागला. "आमच्या सुईणीचं दार परक्याला उघडत नाही," असं लोक बाजारात छाती फुगवून सांगत. ढिली झालेली बिजागरी ही जणू गावाची तटबंदी होती.

पुढं तर त्याची रीतच पडली. गावात नवा जावई आला की लग्नाच्या दुसऱ्या दिवशी त्याला वाजतगाजत त्या दारापाशी नेत. "जावईबापू, एवढं दार उघडा," म्हणत. तो बिचारा ढकलून ढकलून घामाघूम होई, गाव पोट धरधरून हसे आणि शेवटी सासरा पुढं होऊन एका झटक्यात दार उघडून दाखवी. नव्या सुनांना सासवा पाचव्या दिवशी ही युक्ती शिकवत. ज्याला दार उघडतं तो आपला आणि ज्याला उघडत नाही तो पाहुणा, असा त्या गावाचा हिशेब.

त्या गावात एक सुतार होता. चांगला सुतार होता, हीच या गोष्टीतली सगळ्यात वाईट बाब. दार कुठं दुखतंय हे त्याला रस्त्यावरून जाता जाता कळायचं. सुईणीच्या दारावरून तो रोज जात असे आणि रोज त्याची नजर वरच्या बिजागरीकडं जात असे.

एकदा सुईणीनं त्याला हटकलं.

"सुतारभाऊ, तेवढं दार बघ की रे. बाया पोटाला हात धरून येतात माझ्याकडं. त्यांना का गुडघा लावायला सांगू?"

सुतार तिच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं म्हणाला, "काकी, फार काम नाही ते. बिजागरी काढायची, खिळ्यांची भोकं बुजवायची, पुन्हा ठोकायची. उद्या येतो."

आणि तो खरोखरच आला. हत्यारांची पिशवी त्यानं दाराशी ठेवली, हातोडी बाहेर काढली. समोरच्या पारावर तीन म्हातारे बसले होते आणि त्यांच्याशेजारी गावचा पाटीलही होता.

"काय रे सुतारा, कुठं हात घालतोयस?" पाटलानं विचारलं.

"दार उतरलंय पाटील. सरळ करतो."

"सरळ करतोस? अन् पुढच्या पंधरवड्यात लग्न कुणाच्या लेकीचं आहे? तुझ्याच ना? मग जावयाला काय दाखवणार? तुझं थोबाड?"

पारावर हशा उसळला. त्यांतला एक म्हातारा घरजावई होता. तो म्हणाला, "या दारानं मला सबंध गावासमोर घाम फोडलाय. माझं धोतर सुटायचं राहिलं होतं. अन् ह्याच्या जावयाला तसाच सोडायचा होय? वा रे न्याय!"

"लेकीच्या लग्नातली गंमत बापच घालवतोय," दुसरा म्हणाला. "असला बाप नाही पाहिला बाबा."

सुतारानं मागं वळून पाहिलं. सुईण दारात उभी होती. तिला यातलं एक अक्षर ऐकू आलं नव्हतं. सगळे हसताहेत म्हणून तीही हसत होती.

सुतारानं हातोडी पिशवीत टाकली. लग्न झाल्यावर करू, असं त्यानं सुईणीला हातानं खुणावलं. तिनं मान डोलावली आणि ती आत गेली.

लग्न झालं. रिवाजाप्रमाणे जावयाला दारापाशी नेलं. पोरगा अंगानं दणकट होता, पण दार हललं नाही. घाम पुसत त्यानं सासऱ्याला विचारलं, "मामंजी, तुम्ही तर सुतार. मग गावात दार असं कसं?"

गाव खो खो हसलं. सुतारही हसला आणि जरा जास्तच मोठ्यानं हसला.

लग्नानंतर त्यानं दार दुरुस्त केलं का? नाही. कारण विचाराल तर सांगण्यासारखं एकही नाही. आधी पेरण्या आल्या, लोकांच्या मोडक्या तिफणी दुरुस्तीला आल्या, मग पाटलानं नवं घर बांधायला काढलं. सुईणीनं आणखी दोनदा आठवण केली. दोन्ही वेळा तो "येतो" म्हणाला.

दीड वर्षानं लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिची आई कधीच वारली होती. घरात बाईमाणूस नाही म्हणून सोबतीला तिची थोरली नणंद आली. ही नणंद विधवा, कमी बोलणारी, दुसऱ्याच्या गावात पायसुद्धा जपून टाकणारी बाई होती. सुईण येऊन लेकीला तपासून गेली. "अजून पंधरा दिवस आहेत," म्हणाली. "पण कधीही हाक मारा. मी कुठं जात नाही."

चैत्रातली दुपार होती. बाजाराचा दिवस, त्यामुळं बायका सगळ्या शेजारच्या गावी गेलेल्या. सुतार गावाच्या दुसऱ्या टोकाला पाटलाच्या नव्या घराची दारं बसवत होता. एकूण सोळा दारं, आणि एकसुद्धा घासायला नको, अशी पाटलाची ताकीद होती. सुतारही प्रत्येक दार बसवल्यावर एका बोटानं ढकलून बघत होता.

त्याच वेळी घरी लेकीच्या पोटात कळा सुरू झाल्या, पंधरा दिवस आधीच.

"वन्सं," ती भिंतीला धरून म्हणाली, "सुईणकाकींना आणा. पाराच्या समोर निळं दार आहे. त्यांना ऐकू येत नाही, सरळ आत जा."

"ही पोचलेच बघ मी. तू पडून राहा."

दार कसं उघडायचं हे लेकीनं सांगितलं नाही. ती विसरली नव्हती. तिला ती युक्ती वाटतच नव्हती. लहानपणापासून ती ते दार उचलून, गुडघा लावून, खांद्यानं रेटत आली होती. तिच्या लेखी दार असंच उघडत असतं.

नणंद धावत गेली. निळं दार सापडलं. तिनं ते ढकललं, पण ते हललं नाही. दोन्ही हातांनी ढकललं, तरी नाही. ती मागं सरली. पारावर तेच तीन म्हातारे बसले होते.

"पाहुणी दिसतेय," एक म्हणाला.

"सुताराकडची. त्याच्या जावयाची बहीण."

"म्हणजे भाऊ हरला, आता बहीण आली होय!"

नणंदेनं पदर पुढं ओढला. "सुईणबाई घरात आहेत का हो?"

"आहेत की! दार उघडा, म्हणजे दिसतील."

"आतनं अडसर घातलाय का?"

"अडसर कसला! जोर लावा, जोर. जेवला नाहीत काय आज?"

"घाई आहे हो मला."

"घाईच्या माणसाला हे दार उघडत नाही," घरजावई म्हणाला, आणि तिघंही खोकला येईपर्यंत हसले.

भर दुपारी धापा टाकत सुईणीच्या दारी आलेली बाई कशासाठी आली असेल, हे ओळखायला पंडित व्हावं लागत नाही. पण चेष्टेला बसलेल्या माणसाला समोरचा चेहरा दिसत नाही. त्यांना फक्त दार दिसत होतं आणि दाराशी झटणारी पाहुणी दिसत होती. बाळंतपणाची गोष्ट परक्या पुरुषांसमोर त्या बाईच्या तोंडून निघेना. तिनं पुन्हा एकदा खांदा मारला. पुढं कितीतरी दिवस त्या खांद्यावर काळानिळा डाग होता.

दार हललं नाही. मग तिनं विचार केला, तो कुणीही शहाण्या माणसानं केला असता. आत माणूस आहे आणि इतकं करूनही दार उघडत नाही, याचा अर्थ त्यांना उघडायचं नाही. बाहेरची माणसं हसताहेत, म्हणजे त्यांनाही ते ठाऊक आहे. इथं थांबण्यात अर्थ नाही. ओढ्यापलीकडच्या वाडीत दुसरी सुईण आहे, असं तिनं कुणाकडून तरी ऐकलं होतं. ती तिकडं धावली.

सुईण आत होती. दाराकडं पाठ करून, जुन्या लुगड्यांचे धुतलेले तुकडे घड्या घालून ठेवत होती. कधीही हाक आली तर तयार असावेत म्हणून.

वाडीतली सुईण घेऊन नणंद परतली तेव्हा उन्हं कलली होती. मूल जन्माला आलं होतं आणि गेलं होतं. मुलगी होती. नखंसुद्धा पूर्ण आली होती. नाळेचा वेढा गळ्याभोवती तसाच होता.

कुणीतरी सुताराला बोलवायला धावलं, कुणीतरी म्हाताऱ्या सुईणीला. सुईण आली, तिनं ते एवढंसं अंग मांडीवर घेतलं, बोटांनी वेढा सोडवला. आता सोडवून काही उपयोग नव्हता, तरी सोडवला.

"दोन बोटं," ती म्हणाली. तिला स्वतःचा आवाज ऐकू येत नसे, त्यामुळं ती मोठ्यानंच बोले. "दोन बोटं घालायची असतात मधे. एवढंच करायचं असतं. किती पोरांचे सोडवलेत मी असे. मला का नाही कुणी बोलावलं?"

कुणीच काही बोललं नाही. तिनं एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं. तिला वाटलं, उत्तर दिलं असेल, आपल्यालाच ऐकू आलं नसेल.

आठवड्यानं चावडीवर गाव जमलं. लेक घरात पडून होती. नणंदेला बोलावून घेतलं होतं. ती एका खांबाआड उभी होती.

पाटील म्हणाला, "झालं ते फार वाईट झालं. पण आपण नीट विचार केला पाहिजे. ते दार आज किती वर्षं तसंच आहे. लहान पोरालाही उघडतं. मग या एकट्या बाईलाच कसं उघडलं नाही?"

"विचारायचं की तिनं," कुणीतरी म्हणालं. "तोंड होतं ना?"

"आम्ही तर समोरच बसलो होतो," घरजावई म्हणाला. "एका शब्दानं म्हणाली असती, लेक अडलीय, तर आम्ही तिघं उठलो नसतो? आम्ही काय राक्षस आहोत?"

बायकांतली एक म्हणाली, "दुसऱ्याच्या गावात यायचं तर तिथल्या रीती माहिती करून घ्याव्यात बाई."

नणंदेची मान खाली गेली. एक मूल गेलं होतं, आणि गावानं जबाबदार माणूस शोधून काढला होता. जी धावली, जिनं खांदा फोडून घेतला, जी उन्हातून ओढा ओलांडून दुसऱ्या गावापर्यंत गेली, ती एकटीच गुन्हेगार ठरली. बाकी सगळे त्या दिवशी आपापल्या जागी शांत बसले होते, त्यामुळं त्यांच्याकडून चूक झालीच नव्हती.

मग चावडीनं निर्णय घेतला. यापुढं गावात कुणीही पाहुणा आला, की पहिल्याच दिवशी त्याला सुईणीचं दार उघडायला शिकवायचं. शिकवायची जबाबदारी यजमानाची. कोतवालानं तशी दवंडी द्यायची. सगळ्यांनी माना डोलावल्या. दुखऱ्या जागेवर काहीतरी लावल्यासारखं वाटलं सगळ्यांना. लोक उठायला लागले.

"थांबा," सुतार म्हणाला.

तो इतका वेळ एका कोपऱ्यात बसून होता. तो गप्प राहिला असता तर त्याला कुणी काही विचारलंही नसतं. मूल त्याच्या लेकीचं गेलं होतं, त्याच्याबद्दल सगळ्यांनाच कळवळा होता.

"या बाईची चूक नाही," तो म्हणाला. "पाहुण्याला शिकवून घ्यावं लागतं, ते दार नसतं. वरची बिजागरी सुटलीय त्याची. मला रोज दिसत होती. मी दुरुस्त करायला गेलो, तेव्हा तुम्ही हसलात. आणि तुम्ही हसलात म्हणून मी परत आलो. तुमचं हसणं एका घटकेचं होतं. नंतर दीड वर्ष मी मोकळाच होतो."

"सुतारा, तू दुःखात आहेस," पाटील हळूच म्हणाला. "खाली बस."

सुतार बसला नाही. तो घरी गेला, पिशवी घेऊन आला आणि सुईणीच्या दाराशी उभा राहिला. चावडीवरची माणसं मागोमाग आली आणि लांब उभी राहिली. त्यानं दाराखाली पाचर घालून फळी सरळ उचलून धरली. पकडीनं वरच्या बिजागरीचे खिळे काढले. ते नुसत्या बोटांनीसुद्धा निघाले असते. रुंदावलेल्या भोकांत सरस लावलेल्या सागाच्या काड्या ठोकून बसवल्या, वर आलेली टोकं तासली, बिजागरी पूर्वीपेक्षा किंचित वर धरली आणि लांब खिळे ठोकले. मग पाचर काढून घेतली.

चावडीवरची सभा याच्या तिप्पट वेळ चालली होती.

सुईण बाहेर उभी राहून पाहत होती. सुतारानं तिला खुणेनं पुढं बोलावलं. तिनं तळहात टेकवला आणि दार आत गेलं. घासलं नाही, अडलं नाही, नुसतं गेलं. तिनं ते पुन्हा ओढून घेतलं, पुन्हा ढकललं.

घरजावई पुढं आला. "एवढंच होतं?"

"एवढंच," सुतार म्हणाला.

सव्वा महिन्यानं लेक सासरी निघाली. गाडी अंगणात उभी होती. नणंद आधीच जाऊन बसली होती. सुतारानं लाडूंची पुरचुंडी लेकीच्या हातात दिली. बाळंतिणीसाठी म्हणून शेजारणीनं केलेले ते लाडू होते.

"बाबा," लेक म्हणाली, "वन्सं सांगत होत्या, चावडीवर तुम्ही त्यांच्या बाजूनं बोललात."

"बोललो."

"माझ्या लग्नाच्या आधीच तुम्ही दार नीट करायला गेला होता, असंही म्हणालात. खरं आहे?"

खोटं बोलायची संधी माणसाला अगदी शेवटपर्यंत मिळत असते. सुतारानं ती घेतली नाही.

"खरं आहे पोरी. हातोडी हातात होती माझ्या."

लेकीनं पुरचुंडीची गाठ उगाच घट्ट केली. मग वाकून बापाच्या पायाला हात लावला, लेकींनी लावायचा असतो तसा.

"पुढचं बाळंतपण मी तिकडंच करीन," ती म्हणाली.

रागानं म्हणाली असती तर त्याला काही बोलता आलं असतं. ती अगदी साधेपणानं म्हणाली, दुपारी परत येईन म्हणावं तसं. गाडीत चढली आणि नणंदेच्या त्या दुखावलेल्या खांद्यावर जपून डोकं टेकवून बसली. गाडी हलली. सुतार अंगणात उभा राहिला, आणि गाडी दिसेनाशी झाल्यावरही त्याला आत जाववेना.

तात्पर्य, आणि ते चावडीवर बसणाऱ्यांनी सगळ्यांच्या आधी ऐकावं: दार अडत असेल तर माणसांना युक्त्या शिकवू नका, बिजागरी नीट करा, आणि ज्याच्या हातात हातोडी आहे, त्यानं लोकांचं हसणं संपायची वाट पाहू नये.